आंबोलीचा उतार, ट्रॅकवरची फेरी आणि ब्रेकचे गणित

बेळगावहून सावंतवाडीकडे येणारा रस्ता आंबोली गावाच्या पुढे सह्याद्रीचा कडा सोडतो आणि वळणावळणांनी दाणोलीच्या दिशेने खाली उतरू लागतो. कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे वैभववाडीला उतरणारा करूळ घाट, निपाणीहून देवगडकडे येताना लागणारा फोंडा घाट, चंदगडच्या बाजूने दोडामार्गात उतरणारा तिलारी घाट हे सारे याच जातीचे. घाटमाथ्यावरून मालवण किनाऱ्याला यायचे तर यांपैकी एखाद्या उतारावर आपल्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा ठरलेलीच. पावसाळ्यातल्या धुक्यात पुढच्या मालट्रकच्या मागे रांगेत उतरताना जळक्या लायनरचा जो उग्र वास काचा बंद असूनही नाकात शिरतो, तो ओळखीचा नाही असा या वाटेचा प्रवासी विरळाच.

गेल्या काही वर्षांत या घाटांतून आणखी एक प्रकारची गाडी उतरताना दिसते. टर्बो इंजिनाची छोटी हॅचबॅक, एखादी ऑक्टाव्हिया आरएस, क्वचित मिनी किंवा पोर्शे. यातल्या काहींचे मालक हौसेने शर्यतीच्या ट्रॅकवर जातात. शर्यतीसाठी नव्हे, शुल्क भरून, हेल्मेट घालून, आपलीच गाडी बंदिस्त मार्गावर मोकळेपणाने पळवण्यासाठी. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. कोइम्बतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किट ही त्यांची प्रमुख ठिकाणे. दुसरा प्रकार ऑटोक्रॉसचा. मोकळ्या मैदानात खांब किंवा शंकू लावून आखलेला वळणावळणांचा मार्ग एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध पार करायचा. अमेरिकेत हा खेळ बहुधा डांबरी वाहनतळांवर चालतो, आपल्याकडे तो बव्हंशी मातीवर खेळला जातो. महाराष्ट्रात रॅलीच्या खेळाची परंपरा जपली ती नाशिकने, पण हौशी मंडळी आता कोल्हापुरापासून गोव्यापर्यंत सर्वत्र आहेत.

या हौशी चालकांपैकी बहुतेकांचा पहिला खर्च इंजिनावर होतो आणि दुसरा टायरवर. ब्रेकची आठवण येते ती पहिल्या ट्रॅक डेला चौथ्या-पाचव्या फेरीत, पेडल पायाखाली मऊ पडले की. मग घाईघाईने मोठ्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर, भोके पाडलेल्या चकत्या यांची चौकशी सुरू होते. या खरेदीतला बराचसा भाग अनावश्यक असतो आणि जे खरोखर आवश्यक असते ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून राहून जाते, हे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. काटेकोरपणे बोलायचे तर ब्रेक फक्त चाक अडवतो; गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा संबंध. ब्रेकचे खरे काम गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करून ती उष्णता हवेत सोडून देण्याचे. किती उष्णता, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाने सांगता येते.

चालक, सोबती आणि सामान धरून १४०० किलो वजनाची गाडी घेऊ. ताशी १०० किलोमीटर वेगावरून ती पूर्ण थांबवली तर सुमारे ५ लाख ४० हजार ज्यूल इतकी उष्णता तयार होते. आता हीच गाडी आंबोलीच्या माथ्यावरून पायथ्याशी आणू. उंचीतला फरक हिशेबासाठी साडेपाचशे मीटर धरला, तर गाडीची सुमारे ७५ लाख ज्यूल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे १०० च्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकी. एवढ्या उष्णतेत २५ लिटर पाणी उकळीला येईल. घाटात वेग कमी असतो म्हणून आपल्याला वाटते की ब्रेकला फारसे काम पडत नाही. प्रत्यक्षात वेग कमी असणे हाच अडचणीचा भाग असतो, कारण डिस्कला थंड करणारा वारा त्या प्रमाणात कमी मिळतो.

आता ट्रॅक. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग १८० वरून ७० वर आणायचा आहे असे समजू. एकाच वेळच्या या ब्रेकिंगमध्ये जवळजवळ १५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. पुढे झुकणाऱ्या वजनामुळे तिच्यातला सुमारे सत्तर टक्के भाग पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला येतो. प्रत्येकी सात किलोच्या दोन बिडाच्या डिस्क धरल्या, तर त्यांचे तापमान त्या चार-पाच सेकंदांत सुमारे दीडशे अंशांनी वर जाते. पुढच्या सरळ पट्ट्यावर वारा ते काही प्रमाणात उतरवतो, पण सगळे नाही. तोवर पुढचे वळण येते. अशा दहा फेऱ्या झाल्या की केवळ त्या एका वळणावर जिरलेली उष्णता दीड कोटी ज्यूल, म्हणजे आंबोलीचा घाट ब्रेकवर दोनदा उतरण्याइतकी. आणि बाकीची वळणे हिशेबात धरलेलीच नाहीत. डिस्क पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाऊन अंधारात लालसर दिसू लागतात त्या याच कारणाने.

ऑटोक्रॉसचे गणित याच्या नेमके उलट. तिथे वेग क्वचितच ८० च्या पुढे जातो आणि एक फेरी एक-दोन मिनिटांत संपते. ७० वरून ३० वर येताना आपल्या त्याच डिस्कचे तापमान जेमतेम वीस-बावीस अंशांनी वाढते. मग गाडी रांगेत उभी राहते आणि पुढच्या फेरीपर्यंत सारे पुन्हा थंड. ट्रॅकवरचा ब्रेक भट्टीत काम करतो, तर ऑटोक्रॉसच्या ब्रेकला पहिल्याच स्पर्शाला, थंड असतानाच, पकड द्यावी लागते. एकाच ‘अपग्रेड’ने दोन्ही साधतील अशी जाहिरात करणाऱ्यांना हा फरक विचारून पाहावा.

ब्रेक ‘जातो’ म्हणजे काय होते?

ब्रेक निकामी होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते पायाला वेगवेगळे कळतात.

पहिल्या प्रकारात पेडल घट्ट लागते, नेहमीच्या जागीच थांबते, पण गाडी थांबत नाही. पॅडच्या मसाल्याचे तापमान त्याच्या मर्यादेपलीकडे गेले, की त्यातली चिकट द्रव्ये जळून त्यांचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यात येतो. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. लायनरचा जो वास आपल्याला घाटात येतो तो याचाच. रोजच्या वापराचे साधारण पॅड साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे असे दगा देऊ लागतात.

दुसरा प्रकार अधिक भयंकर. पेडल पोकळ लागते आणि सरळ खाली जाते. येथे पॅडचा दोष नसतो. उकळलेले असते ते ब्रेक ऑइल. नाव ऑइल असले तरी हे तेल नव्हे, ग्लायकॉल जातीचे द्रव आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. पण कॅलिपरमधले द्रव उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ मात्र दाबली जाते. पायाचा सारा जोर बुडबुडे चेपण्यात संपतो. भराभर दोन-चार वेळा पेडल मारल्यास कधी कधी थोडा दाब परत मिळतो. त्या अवधीत खालचा गिअर टाकणे आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेणे एवढेच हातात उरते.

या दुसऱ्या प्रकाराची एक फसवी खोड आहे. गाडी अर्धा तास उभी राहिली की वाफ पुन्हा द्रवरूप होते, पेडल पूर्ववत घट्ट लागते आणि चालकाला वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात एकदा उकळलेल्या ब्रेक ऑइलवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. ते पुढच्या वेळी आधीच्यापेक्षा लवकर उकळू शकते. आता सिंधुदुर्गातल्या हौशी चालकाचा परतीचा रस्ता नजरेसमोर आणा. कोइम्बतूरला शनिवार-रविवार गाडी पळवली, पॅड निम्म्याहून अधिक झिजले, ऑइल एकदा उकळून गेले. बंगळूर, हुबळी, बेळगाव हा सपाटीचा प्रवास निर्विघ्न झाला, कारण महामार्गावर ब्रेक लागतोच किती? पहिली खरी गरज निर्माण होते ती आंबोलीच्या माथ्यावर, शेकडो किलोमीटर चालून आलेल्या थकव्यात, बहुधा अंधारात. ट्रॅकवर ब्रेक गेला तर समोर मातीचा मोकळा पट्टा आणि टायरची भिंत असते. घाटात समोर काय असते ते सांगायला नको.

सुरुवात बाटलीपासून

म्हणूनच ब्रेक सुधारण्याची पहिली पायरी म्हणजे ब्रेक ऑइल बदलणे. हे द्रव हवेतली ओल शोषते. टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून, रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी हळूहळू आत मुरत राहते आणि तेवढ्या प्रमाणात उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ या जातीच्या नव्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत घसरला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. शर्यतीसाठी मिळणाऱ्या खास द्रवांचा कोरा उकळबिंदू तीनशेच्याही वर असतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेले ऑइल बाटलीवर छापलेल्या पहिल्या आकड्याच्या नव्हे, दुसऱ्या आकड्याच्या जवळ असते, हे गृहीत धरून चालावे.

एक सावधगिरी. नावात साधर्म्य असले तरी डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्या कुळातले द्रव आहे. ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही. आणि इंजिन ऑइल किंवा कोणतेही खनिज तेल ब्रेकच्या टाकीत चुकूनही पडता कामा नये. त्याने सगळे रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून सारे उघडावे लागते. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरणे हा काटकसरीचा प्रकार नव्हे.

शर्यतीच्या द्रवाची बाटली फार तर मालवणात चार माणसांनी मासळीच्या ताटावर बसण्याइतक्या पैशांत मिळते. चारही चाकांची हवा नीट काढून ते भरून घेणे हे कोणत्याही जाणत्या मेस्त्रीचे तासाभराचे काम. एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी सुधारणा गाडीत नाही, असे माझे मत आहे.

पॅडची निवड

दुसरी पायरी पॅडची. येथे ‘सर्वांत भारी’ पॅड मागणे ही नेहमीची चूक. शर्यतीचे पॅड सहाशे-सातशे अंशांपर्यंत पकड टिकवतात, पण त्यांना काम सुरू करण्यासाठीच दीडशे-दोनशे अंश लागतात. पावसाळ्याच्या सकाळी कुडाळच्या चौकात पहिला ब्रेक मारताना ते तापमान कोठून आणणार? गाडी अनपेक्षितपणे पुढे सरकते. शिवाय हे पॅड करकरतात, काळी भुकटी उडवतात आणि डिस्क खातात. जो चालक त्याच गाडीने घरी येणार आहे त्याने एक तर मधल्या प्रतीचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड घ्यावेत, किंवा ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवून तिथे पोहोचल्यावर बदलावेत आणि निघताना पुन्हा बदलावेत. दुसरा मार्ग कटकटीचा, पण अधिक प्रामाणिक.

ऑटोक्रॉससाठी मात्र शर्यतीचे पॅड जवळजवळ निरुपयोगी आहेत. थंड असताना पकडणारे, चांगल्या प्रतीचे साधे पॅडच तिथे जिंकतात. कंपनीच्या मूळ पॅडवर ऑटोक्रॉस खेळणाऱ्याला हसू नये. त्याला बहुधा काहीतरी ठाऊक असते.

नवे पॅड डिस्कवर ‘बसवावे’ लागतात. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण चाके न अडकवता वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, आणि मग पाच-दहा किलोमीटर ब्रेकला न शिवता गाडी चालवून सगळे निवू द्यायचे. याने पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. हे न करता कोरे पॅड घालून थेट घाटात उतरले, तर पॅडमधील द्रव्ये पहिल्यांदाच तापून त्यांचा वायू सुटतो आणि नव्या कोऱ्या ब्रेकची पकडच जाते. ‘डिस्क वाकली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक गाड्यांतही डिस्क वाकलेली नसते. तापलेली गाडी पाय ब्रेकवर दाबून उभी केल्यामुळे पॅडचा मसाला एका जागी चिकटलेला असतो आणि तोच दर फेऱ्याला पायाला थडथड जाणवतो.

पॅडच्या जाडीबद्दलही थोडे. रस्त्यावर तीन मिलिमीटर उरेपर्यंत पॅड वापरले जातात. ट्रॅकवर जाताना निम्मे झिजलेले पॅडही बदलावेत, कारण पॅड हाच डिस्कची धग आणि ब्रेक ऑइल यांच्यामधला पडदा असतो. पडदा पातळ झाला की धग पिस्टनमार्गे सरळ द्रवापर्यंत पोहोचते.

मोठी डिस्क, लाल कॅलिपर

आता सर्वांच्या आवडीचा विषय. मोठ्या डिस्क लावल्या की गाडी कमी अंतरात थांबते, हा समज सार्वत्रिक आहे. सुस्थितीतल्या कोणत्याही आधुनिक गाडीचा मूळ ब्रेक पहिल्या प्रयत्नात चाक अडकवू शकतो किंवा एबीएसला जागे करू शकतो. त्यापुढची मर्यादा टायरची. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला तर १०० च्या वेगावरून थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात. पावसात तो ०.५ वर आला की ७९ मीटर. डिस्क ताटाएवढी केली तरी हे आकडे बदलत नाहीत. चांगले टायर घातले की मात्र बदलतात.

मोठी, आतून हवेचे मार्ग असलेली डिस्क उपयोगी पडते ती विसाव्या ब्रेकला. तिच्यात धातू जास्त, म्हणून तापमान सावकाश चढते, आणि पृष्ठभाग जास्त, म्हणून लवकर उतरते. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याला, जड आणि वेगवान गाडी असेल त्याला, तिची गरज आहे. ऑटोक्रॉसवाल्याला ती नकोच. चाकाचे वजन वाढते आणि कदाचित मोठी चाकेही लावावी लागतात. भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी, पण वारंवारच्या तापण्या-निवण्यात त्या भोकांपासूनच भेगा सुरू होतात. खाचा पाडलेली डिस्क त्या मानाने बरी. साधी, सपाट, चांगल्या बिडाची डिस्क सर्वांत स्वस्त आणि बहुतेकांना पुरेशी. बाजारात मिळणारी प्लास्टिकची लाल कॅलिपर कव्हरे मात्र कोणीही लावू नयेत. जिथून उष्णता बाहेर पडायची तिथेच ती गोधडी पांघरतात.

मोठे कॅलिपर लावताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. पुढचे आणि मागचे ब्रेक यांच्यात कंपनीने एक प्रमाण राखलेले असते. फक्त पुढच्या बाजूला बलदंड कॅलिपर बसवले, की पुढची चाके लवकर अडकतात आणि मागची चाके आपला वाटा उचलण्याआधीच एबीएस मध्ये पडतो. परिणामी थांबण्याचे अंतर वाढूही शकते. पिस्टन मोठे झाले तर त्यांना जास्त द्रव लागते, म्हणजे पेडल अधिक खोल जाते आणि मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. आपल्याकडच्या अनेक हॅचबॅकना मागे ड्रमच असतात. त्यांच्या बाबतीत हा तोल बिघडणे अधिक सोपे. त्यामुळे कॅलिपर बदलायचेच असतील तर त्याच गाडीच्या अधिक शक्तिशाली आवृत्तीचे, पुढचे-मागचे जुळवलेले भाग घ्यावेत. तिथे कंपनीच्या अभियंत्यांनी तोल आधीच साधलेला असतो.

स्टीलच्या जाळीच्या नळ्या रबरी नळ्यांपेक्षा कमी फुगतात, त्यामुळे पेडल अधिक नेमके लागते. थांबण्याचे अंतर त्यांनी कमी होत नाही, पण जुन्या, तडकलेल्या रबरी नळ्या बदलायच्याच आहेत तर त्या घ्यायला हरकत नाही. आणि पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी वारा नेणारी साधी नळी अनेकदा महागड्या डिस्कपेक्षा जास्त काम करते. डिस्क ब्रेक गाजला तोही शर्यतीतच. १९५३ साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, कारण तासामागून तास तिचे ब्रेक उष्णतेने मऊ पडले नाहीत. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे अँबॅसडर आणि पद्मिनी चारही चाकांना ड्रम लावून हेच घाट उतरत होत्या.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. शिवाय नेहमीच्या खासगी कारविम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. त्याच मापाचे, अधिक चांगल्या प्रतीचे पॅड आणि द्रव ही झीज-भरपाईची बाब. कॅलिपर आणि चाकांची मापे बदलणे हा वेगळा प्रश्न.

माती, चिरा आणि घाटाचा गिअर

मातीवरच्या ऑटोक्रॉसला ब्रेकचा शत्रू उष्णता नसून धूळ. जांभ्याची लाल भुकटी पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये शिरली की ती पॉलिश कागदासारखी दोन्ही खाते. ट्रॅकसाठी काही जण डिस्कमागचे पत्र्याचे संरक्षण काढतात, ते मातीवर काढू नये. सैल खडीवर अडकलेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग करते आणि तोच गाडीला थोपवतो, म्हणून तिथे एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. काही चालक त्यासाठी एबीएसचा फ्यूज काढतात. स्पर्धा संपल्यावर तो परत लावायला विसरलेली गाडी पावसात सावंतवाडीकडे उतरणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

घाट उतरताना मात्र या साऱ्या सामग्रीपेक्षा एसटीच्या जुन्या चालकांचा नियम श्रेष्ठ: ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा. इंजिनाचा अवरोध त्या ७५ लाख ज्यूलपैकी मोठा वाटा स्वतःवर घेतो आणि ब्रेक वळणाआधीच्या क्षणांसाठी राखून राहतो. ब्रेकवर पाय सतत हलका ठेवून उतरण्यापेक्षा थोडा वेग वाढू द्यावा, मग ठामपणे उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. त्या मोकळ्या सेकंदांत डिस्क निवते. ऑटोमॅटिक गाडीतही मॅन्युअल मोडवर खालचा गिअर धरता येतो. विजेवरच्या गाडीत हे काम मोटर करते आणि वर बॅटरीही भरते. पण माथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा घ्यायला जागाच उरत नाही आणि सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो.

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर, प्रसंगी इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय अजूनही पूर्ण गेलेली नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन तसेही बंद होते, म्हणजे बचत शून्य. इंजिन बंद केल्यावर ब्रेक बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते, हे त्यावर आणखी.

ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश, ब्रेकला न शिवता काढायची असते. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबतानाही हाच नियम पाळावा.

समुद्राचा मीठवारा

मालवण, देवबाग, तारकर्ली या पट्ट्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज धरतो. तो वरवरचा असतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. त्याची धास्ती नको. काळजी करावी ती न दिसणाऱ्या गंजाची. बहुतेक गाड्यांचे कॅलिपर दोन पिनांवर सरकतात. खाऱ्या हवेत त्यांवरचे रबरी बूट फाटले की पिना आत अडकतात. मग एका बाजूचा पॅड सतत डिस्कला घासत राहतो, ती बाजू तापते, आणि मालक मात्र महागडे पॅड लवकर झिजले म्हणून पॅडला दोष देतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पिना काढून, पुसून त्यांना सिलिकॉनचे खास ग्रीस लावावे. नेहमीचे खनिज ग्रीस येथे चालत नाही. त्याने रबर फुगते. वाळूत, लाटांच्या कडेने गाडी फिरवण्याची हौस ज्यांना आवरत नाही त्यांनी निदान त्याच संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूने गोड्या पाण्याचा फवारा मारावा आणि मग थोडे अंतर हलका ब्रेक लावत गाडी चालवून सगळे सुकवावे.

पीन अडकली आहे की नाही हे ओळखायला वर्कशॉपमधली इन्फ्रारेड बंदूक पुरते. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली ताप मोजायची बंदूक येथे उपयोगी नाही, तिची मजल चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंतच. घाट उतरून पायथ्याशी थांबल्यावर पुढच्या दोन्ही डिस्क मोजाव्यात. दोन्हींचा आकडा जवळपास सारखा असला तर ठीक. एक बाजू दुसरीपेक्षा पन्नास-साठ अंशांनी अधिक तापलेली निघाली, तर ट्रॅकची नोंदणी पुढे ढकलून आधी ते चाक उघडावे.